डिलीट केलेली नोंद जाते कुठे? सातबाऱ्यावरचा कंस आणि डेटाबेसची झाडलोट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचा जुना, हस्तलिखित सातबारा हातात घेतला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. त्यावर चालू नावं असतात, तशी कंसातलीही बरीच असतात. आजोबा वारले, त्यांच्या नावाला कंस. चुलत्याने हिस्सा विकला, त्याच्या नावाला कंस. सोसायटीचं कर्ज फिटलं, बोजाला कंस. शेजारी गोलात एक आकडा, म्हणजे फेरफार क्रमांक. खोडरबर कुठेच चालवलेला दिसत नाही.

कंसाचा अर्थ एवढाच, की हे नाव आता लागू नाही, पण कधीतरी होतं. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कंसाऐवजी अशा नोंदींवर आडवी रेघ येते. पद्धत मात्र तीच राहिली.

मोबाइलवर 'डिलीट' दाबल्यावरही आतमध्ये बहुतेक वेळा हेच होतं. बँकेचं खातं असो, तिकीट असो की चॅट, डेटाबेस ती नोंद लगेच पुसत नाही. तिच्यावर 'आता लागू नाही' अशी खूण करतो आणि पुढच्या कामाला लागतो. अशा कंसातल्या नोंदी साठत जातात, आणि कधीतरी कोणाला तरी झाडू घेऊन यावंच लागतं. वरवर हे फरशी पुसण्याइतकं साधं काम वाटतं. पण त्यात क्रम चुकला तर एकाच्या नावावर दुसऱ्याची नोंद दिसू शकते, आणि काम रखडलं तर अख्खी वेबसाइट बंद पडू शकते. दोन्ही का, हे समजायला सातबाराच उपयोगी पडतो.

फेरफार, पेन्सिल आणि शाई

जमीन विकली किंवा वारस लागले की सातबारा थेट बदलत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात किंवा नामंजूर करतात. हस्तलिखित काळात प्रलंबित फेरफार सातबाऱ्यावर पेन्सिलने दाखवायची पद्धत होती, प्रमाणित झाल्यावर शाई. आजच्या ऑनलाइन उताऱ्यावर त्यासाठी 'प्रलंबित फेरफार' अशी वेगळी ओळ असते.

डेटाबेसमधला 'ट्रान्झॅक्शन' म्हणजे हाच फेरफार. बदल सुरू होतो तेव्हा तो पेन्सिलने लिहिलेला असतो. 'कमिट' झालं की शाई, 'रोलबॅक' झालं की नामंजूर. एका व्यवहारात पाच ठिकाणी बदल असतील तर पाचही एकदम लागू होतात किंवा एकही होत नाही. विकणाऱ्याच्या नावाला कंस झाला पण घेणाऱ्याचं नाव चढलंच नाही, असं अर्धवट चित्र कोणाला दिसता कामा नये.

आता दुसरी वही. सातबारा गट नंबर किंवा सर्व्हे-हिस्सा नंबरनुसार असतो. पण एखाद्या खातेदाराची गावात एकूण कुठेकुठे जमीन आहे, हे शोधायला प्रत्येक सातबारा चाळायचा का? त्यासाठी गाव नमुना 8अ आहे. खाते नंबर काढा, त्याखाली त्या माणसाचे सगळे गट नंबर. 8अ ही मूळ जमिनीची नोंद नव्हे, ती नोंदीकडे बोट दाखवणारी वही आहे. डेटाबेसमध्ये याला 'इंडेक्स' म्हणतात. सातबारा बदलला आणि 8अ तसाच राहिला तर काय गोंधळ होतो, हे तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हेलपाटे तेच.)

तिसरी गोष्ट पुनर्लेखन. हस्तलिखित सातबारे साधारण दर दहा वर्षांनी नव्याने लिहिले जात. कंसातली नावं मागे टाकायची, चालू नावं तेवढी नव्या कागदावर उतरवायची. ही झाली झाडलोट. आणि चुका व्हायच्या त्याही इथेच. कोकणात एका गुंठ्यातही पंधरा-वीस नावं असणं नवलाचं नाही, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. उतरवताना एखादं चालू नाव राहून गेलं तर ते वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. गणपतीला गावी आल्यावर कोणीतरी उतारा काढतं आणि मग कळतं की आपलं नावच नाही. अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये कलम 155 ठेवावं लागलं. सातबारा संगणकावर आल्यावर तो हस्तलिखिताशी जुळतो का हे पाहायला 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, तेही याच धास्तीपोटी.

म्हणजे झाडलोट करणाऱ्याला दोन प्रश्न सुटलेले असावे लागतात. ही नोंद खरंच कोणाला नको आहे का? आणि तिच्याकडे कोणाचं बोट अजून आहे का? डेटाबेसच्या झाडलोटीतलं सगळं अवघडपण या दोन प्रश्नांत आहे.

एक पेटी, पाच नोंदी

समजा, रत्नागिरीतल्या काही बागायतदारांनी मिळून हापूसच्या पेट्या थेट ग्राहकांना विकायला वेबसाइट काढली. मागे डेटाबेस आहे पोस्टग्रेसक्यूएल. हा फुकट मिळणारा, जगभर वापरला जाणारा आणि आपल्याकडेही कंपन्यांपासून सरकारी प्रकल्पांपर्यंत दिसणारा डेटाबेस.

एक ऑर्डर येते: नोंदवली. मग पैसे आले. मग पेटी भरली. मग गाडीत चढली. मग पोहोचली. ग्राहकाच्या दृष्टीने ही एकच ऑर्डर, जिची स्थिती बदलत गेली. पोस्टग्रेसच्या दृष्टीने मात्र या पाच नोंदी आहेत. प्रत्येक बदलाला तो जुनी ओळ आहे तिथेच ठेवतो, तिच्यावर 'अमुक क्रमांकाच्या व्यवहाराने रद्द' असं लिहितो, आणि नवी ओळ दुसऱ्या जागी मांडतो. गोलातला फेरफार क्रमांक आठवावा. शेवटी एक जिवंत ओळ आणि चार मेलेल्या. इंग्रजीतही त्यांना 'मेलेल्या'च म्हणतात.

व्यवहार रद्द झाला तरी कचरा होतोच. पैसे भरताना नेटवर्क गेलं, ऑर्डर रोलबॅक झाली, तरी पेन्सिलने लिहिलेली ओळ पानावर पडून राहते. नामंजूर फेरफाराचाही नंबर वहीत राहतो, तसंच.

मग जुन्या ओळीवरच नवीन का लिहीत नाही? कारण त्याच क्षणी दुसरं कोणीतरी ती वाचत असतं. संध्याकाळी सहाला हिशेबनीस दिवसभराच्या विक्रीची बेरीज सुरू करतो. बेरीज चालू असताना शंभर ऑर्डरींची स्थिती बदलते. त्याला सहा वाजताचं चित्र सलग दिसलं पाहिजे, अर्धं सहाचं आणि अर्धं सव्वासहाचं नको. जुन्या ओळी जागेवर असल्याने त्याला ते मिळतं, आणि गंमत म्हणजे त्यासाठी ऑर्डर घेणाऱ्याला थांबावं लागत नाही. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. हंगामात मिनिटाला ऑर्डरी पडत असताना ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको. तिची किंमत म्हणजे हा साठणारा कचरा.

ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला, तेव्हा जुन्या ओळी कचरा नव्हे तर इतिहास म्हणून ठेवायचा विचार होता. 'गेल्या महिन्यात या तक्त्यात काय होतं?' असं विचारलं की उत्तर मिळावं. एक 'व्हॅक्यूम क्लीनर' फिरत राहील आणि जुन्या ओळी उचलून स्वस्त, पुन्हा न पुसता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर ठेवेल. पुढे इतिहास पाहण्याची सोय निघून गेली, व्हॅक्यूम हे नाव तेवढं उरलं. आता तो उचलून ठेवत नाही, फेकतो.

आधी बोट काढा, मग जागा मोकळी करा

ऑर्डरींच्या तक्त्यावर तीन इंडेक्स आहेत असं धरू: ऑर्डर क्रमांकाचा, ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आणि तारखेचा. इंडेक्समध्ये मजकूर फारसा नसतो. 'हा मोबाइल नंबर, पान 52, जागा 7' एवढंच. पान म्हणजे डिस्कवरचा 8 किलोबाइटचा तुकडा.

इंडेक्सला एक गोष्ट कळत नाही. पान 52 वरची सातवी ओळ जिवंत आहे की मेलेली, हे त्याच्याकडे लिहिलेलं नसतं. ते पाहायला पानावरच जावं लागतं. म्हणून मेलेल्या ओळी वाढल्या की शोध मंदावतो: इंडेक्स पाच जागा दाखवतो, पाचही ठिकाणी जाऊन पाहावं लागतं, चार निघतात मेलेल्या.

आता व्हॅक्यूम आला. पान 52, जागा 7 वरची ओळ मेलेली आहे, कोणालाही नको आहे. त्याने ती जागा लगेच मोकळी केली तर? पुढच्याच क्षणी तिथे नवी ऑर्डर येऊन बसेल, समजा पुण्याच्या ग्राहकाची. पण मोबाइल नंबरच्या इंडेक्समध्ये ठाण्याच्या ग्राहकाचं बोट अजूनही पान 52, जागा 7 कडेच आहे. ठाण्याच्या माणसाने 'माझ्या ऑर्डरी' उघडलं की त्याला पुण्याच्या माणसाचा पत्ता दिसेल. आंब्याच्या पेटीत हे हसण्यावारी जाईल. हीच गोष्ट बँक खात्याची किंवा रुग्णालयाच्या तपासणी अहवालाची असती तर गेली नसती.

म्हणून पोस्टग्रेसचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलत नाही. पहिल्या फेरीत व्हॅक्यूम तक्ता चाळतो आणि मेलेल्या ओळींचे पत्ते गोळा करून मेमरीत ठेवतो. दुसऱ्या फेरीत तो प्रत्येक इंडेक्समध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत जातो आणि त्या पत्त्यांकडे असलेली बोटं काढून टाकतो. तिन्ही इंडेक्स झाल्यावरच तो तक्त्याकडे परततो आणि त्या जागा 'मोकळ्या' म्हणून जाहीर करतो. आधी 8अ, मग सातबारा.

या क्रमातून बऱ्याच व्यवहारी गोष्टी आपोआप निघतात. मेलेल्या ओळी हजारच असल्या तरी प्रत्येक इंडेक्स पूर्ण चाळावा लागू शकतो, कारण व्हॅक्यूम इंडेक्समधली बोटं एकेक शोधत बसत नाही, सरसकट वाचत जातो. (2021 च्या 14 व्या आवृत्तीपासून कचरा अगदीच थोड्या पानांवर असेल तर तो ही फेरी टाळतो, हे बरं.) पत्त्यांची यादी मेमरीत मावली नाही तर सगळे इंडेक्स पुन्हा एकदा. म्हणून 'शोध जलद होईल' म्हणत दहा इंडेक्स लावून ठेवणाऱ्याने झाडलोटीचं कामही तितकंच वाढवून ठेवलेलं असतं. कोणी वापरत नसलेला इंडेक्स हा फुकटचा भाडेकरू असतो. त्याची खोलीही रोज झाडावी लागते.

शिवाय इंडेक्सची पानं लवकर परत मिळत नाहीत. एका पानावर शेकडो बोटं असतात. त्यातली एक जरी जिवंत उरली तरी ते पान इंडेक्स सोडत नाही. त्यामुळे तक्ता साफ झाला तरी इंडेक्स फुगलेला राहू शकतो, आणि मग तो नव्याने बांधावा लागतो. पूर्वी तेवढा वेळ लिहिणं बंद ठेवावं लागे, नाहीतर शेजारी दुसरा इंडेक्स बांधून जुना काढायची कसरत करावी लागे. 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून काम चालू ठेवून आहे तोच इंडेक्स नव्याने बांधता येतो.

अर्धवट सोडलेला व्यवहार

दुसरा प्रश्न होता: ही नोंद खरंच कोणाला नको आहे का? व्हॅक्यूम त्यासाठी एकच गोष्ट पाहतो. आत्ता चालू असलेल्या व्यवहारांपैकी सगळ्यात जुना कोणता? त्याच्या सुरुवातीनंतर मेलेल्या ओळींना हात लावायचा नाही, कारण त्या जुन्या व्यवहाराला त्या दिसायला हव्या असू शकतात.

नियम शहाणपणाचा आहे. पण कोणीतरी सकाळी नऊला डेटाबेसशी जोडलेली खिडकी उघडली, व्यवहार सुरू केला, एक बारीकशी दुरुस्ती केली आणि कमिट न करताच चहाला गेला, तर? व्यवहार चालूच आहे. दुपार होते. वेबसाइटवर हजारो ऑर्डरी बदलतात, प्रत्येकीच्या चार-चार मेलेल्या ओळी. व्हॅक्यूम ठरल्या वेळी येतो, सगळं चाळतो, मेलेल्या ओळी मोजतो आणि एकही न उचलता परत जातो. थोड्या वेळाने पुन्हा येतो, पुन्हा तेच. यंत्र राबताना दिसतं, कचरा तसाच.

यात विचित्र वाटेल अशी बाब म्हणजे, त्या माणसाने ऑर्डरींच्या तक्त्याला हातही लावलेला नसेल. त्याने ग्राहकांच्या यादीत एक स्पेलिंग सुधारलं असेल. तरी त्या डेटाबेसमधल्या इतर तक्त्यांची झाडलोटही अडते, कारण तो पुढे काय वाचेल हे व्हॅक्यूमला माहीत नसतं. तासन्‌तास चालणारा अहवाल हेच करतो. कधीकाळी जोडलेली आणि नंतर विसरलेली दुसरी प्रतही हेच करू शकते.

'डेटाबेस अचानक हळू झाला' अशी तक्रार आली की मोठा सर्व्हर घेण्याआधी हे पाहावं. कित्येकदा एका विसरलेल्या व्यवहाराला बंद केलं की तासाभरात सगळं ताळ्यावर येतं. रिकाम्या बसलेल्या व्यवहाराला ठरावीक मिनिटांनी आपोआप बाहेर काढायची सेटिंग 2016 च्या 9.6 आवृत्तीपासून आहे. ती मुळात बंद असते, सुरू करावी लागते.

हंगाम संपल्यावरची मोठी सफाई

जून उजाडला, पाऊस आला, पेट्या संपल्या. आता तीन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरी काढून टाकाव्यात असं ठरतं. हौशी माणूस एक ओळीची आज्ञा देतो: अमुक तारखेच्या आधीचं सगळं डिलीट. तीस लाख ओळी, एकच व्यवहार.

हे करू नये. व्यवहार तासभर चालला तर तासभर तोच 'सगळ्यात जुना व्यवहार' होतो आणि इतर झाडलोट अडवतो. मध्येच वीज गेली तर सगळं रद्द, केलेलं काम वाया. आणि झालं तरी ओळी गेलेल्या नसतातच, तीस लाख कंस एकदम पडलेले असतात. त्यापेक्षा पाच-दहा हजारांच्या तुकड्यांत काढावं, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट, म्हणजे व्हॅक्यूमला मधेमधे आवरायला वाव मिळतो. तारखेवर इंडेक्स हवा, नाहीतर प्रत्येक तुकड्यासाठी पूर्ण तक्ता चाळला जाईल.

आणखी एक खाच आहे, तिच्यात भलेभले अडकतात. प्रत्येक ऑर्डरीखाली पेट्यांचा तपशील दुसऱ्या तक्त्यात असेल, तर ऑर्डर डिलीट करताना पोस्टग्रेस तिथे जाऊन बघतो की हिचा तपशील उरलाय का. त्या तक्त्यात ऑर्डर क्रमांकावर इंडेक्स नसेल, आणि पोस्टग्रेस तो आपणहून बनवत नाही, तर एकेका ऑर्डरीसाठी तो तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जातो. दहा मिनिटांचं काम रात्रभर.

सगळं झाल्यावर डिस्क पाहिली तर जागा तितकीच व्यापलेली! साधा व्हॅक्यूम जागा त्याच तक्त्याच्या नव्या ओळींसाठी मोकळी करतो, संगणकाला सहसा परत देत नाही. फक्त फाइलच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी असली तर तेवढी कापून देतो. पुढच्या मार्चमध्ये ऑर्डरी येणारच आहेत, त्यामुळे हे बहुतेकांना चालतं. जागा खरोखरच परत हवी असेल तर 'व्हॅक्यूम फुल' आहे. तो जिवंत ओळी नव्या फाइलमध्ये उतरवतो, सगळे इंडेक्स नव्याने बांधतो आणि जुनी फाइल टाकून देतो. हे शब्दशः पुनर्लेखन झालं. तेवढा वेळ तक्त्याला कुलूप असतं, लिहिणं तर सोडाच, वाचताही येत नाही. भर मे महिन्यात ही आज्ञा देणाऱ्याला बागायतदार काय म्हणतील याची कल्पना करावी.

सुरुवातीलाच वर्षवार वेगळे विभाग पाडून ठेवले तर हा सगळा खटाटोप टळतो. जुनं वर्ष नको झालं की तो विभागच त्याच्या इंडेक्ससकट काढून टाकायचा. ना कंस, ना व्हॅक्यूम.

बोटच वाढू न देण्याची युक्ती

2008 मध्ये पोस्टग्रेसची 8.3 आवृत्ती आली. तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची सुधारणा 'हॉट' या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्य कर्ते म्हणून पवन देवलसी यांचं नाव अधिकृत नोंदींत आहे. आयआयटी मुंबईत संशोधन केलेले देवलसी त्या वेळी एंटरप्राइझडीबी कंपनीत होते. या कंपनीचं पुण्यातही कार्यालय आहे.

युक्ती अशी. पेटी 'भरली' वरून 'गाडीत चढली' झाली, तेव्हा ऑर्डर क्रमांक, मोबाइल, तारीख यांपैकी काहीच बदललं नाही. म्हणजे इंडेक्सना नव्या ओळीची खबर द्यायची गरजच काय? नवी ओळ त्याच पानावर बसत असेल तर जुन्या ओळीवर 'पुढची ओळ पाहा' अशी खूण ठेवायची. इंडेक्सचं बोट जुन्याच जागी, तिथून पानातल्या पानात पुढे जायचं. नवं बोट तयार झालं नाही, त्यामुळे काढायचंही नाही. आणि मधल्या मेलेल्या ओळी व्हॅक्यूमची वाट न पाहता, ते पान पुढे कोणी वाचलं तर जाता जाता आवरता येतात.

पण याच बागायतदारांनी उद्या 'स्थिती'वर चौथा इंडेक्स लावला, तर ही सोय त्या क्षणी संपते. दर बदलाला चारही इंडेक्समध्ये नवं बोट. एका इंडेक्सपायी अख्खा तक्ता फुगू शकतो तो असा.

क्रमांक संपले तर

आतापर्यंत प्रश्न जागेचा आणि वेगाचा होता. एक प्रश्न याहून गंभीर आहे. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो आणि तो ठेवायला जागा ठरलेली असते. सुमारे 429 कोटी क्रमांक झाले की मोजणी घड्याळासारखी फिरून पुन्हा सुरू होते. कोणता व्यवहार आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवायला त्यातलं अर्धं वर्तुळ, म्हणजे साधारण 214 कोटी, एवढंच वापरता येतं. त्यापलीकडे गेलं तर जुन्या नोंदी भविष्यातल्या वाटू लागतील आणि दिसेनाशा होतील.

ते टाळायला व्हॅक्यूम आणखी एक काम करतो. पुरेशा जुन्या, जिवंत ओळींवर तो 'ही सगळ्यांसाठी जुनीच' असा शिक्का मारतो, म्हणजे तिचा क्रमांक पुढे पाहायची गरज उरत नाही. शिक्के मारायचे राहिले आणि क्रमांक संपत आले, की पोस्टग्रेस नवे बदल घेणंच थांबवतो. नोंदी हरवण्यापेक्षा दुकान बंद बरं, असा त्याचा हिशेब.

हे कागदावरचं भय नाही. प्रोग्राममधल्या चुका टिपणारी 'सेन्ट्री' ही सेवा जुलै 2015 मध्ये याच कारणाने बंद पडली. ईमेल पाठवणारी 'मँड्रिल' ही मेलचिंपची सेवा फेब्रुवारी 2019 मध्ये दीड दिवसाहून अधिक काळ विस्कळीत झाली. दोन्ही कंपन्यांनी कारण लपवलं नाही, सविस्तर लिहून सांगितलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. दोन्हीकडे झाडलोट व्यवहारांच्या वेगाशी जुळवून घेऊ शकली नव्हती.

व्हॅक्यूमचा त्रास होतो म्हणून तो बंदच करून टाकणारे लोक आजही भेटतात. त्यांनी हे दोन प्रसंग वाचावेत. तो आपोआप चालायची सोय 2008 पासून मुळातच सुरू असते. नेहमीच्या सेटिंगनुसार तक्त्याच्या साधारण 20 टक्के ओळी मेल्या की तो येतो. लाखभर ओळींच्या तक्त्याला हे ठीक. दहा कोटींच्या तक्त्यात मात्र दोन कोटी ओळी मरेपर्यंत तो फिरकत नाही. म्हणून मोठ्या तक्त्यांसाठी हे प्रमाण टक्का-दोन टक्क्यांवर आणतात. थोडं आणि वारंवार झाडणं स्वस्त पडतं.

इतरांची रीत आणि खिशातला डेटाबेस

सगळे डेटाबेस कंस त्याच पानावर ठेवत नाहीत. ओरॅकल आणि मायएसक्यूएल पानावर नवी नोंद लिहितात आणि जुनी बाजूच्या वहीत टाकतात. जुनं चित्र हवं असणाऱ्याने त्या वहीतून ते जुळवून घ्यायचं. मुख्य पान स्वच्छ राहतं, पण बाजूची वही कधीतरी फाडावीच लागते. तिथे पेच सोडवायच्या तऱ्हा वेगळ्या. ओरॅकल जागा संपत आली की जुनी पानं फाडू शकतो. हिशेबनीसाची बेरीज अजून चालू असेल तर ती 'चित्र फार जुनं झालं' अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडते. मायएसक्यूएल वाचणाऱ्याला सांभाळतो आणि वही वाढू देतो. पोस्टग्रेसनेही 2016 मध्ये ओरॅकलसारखा पर्याय देऊन पाहिला होता, 2024 च्या 17 व्या आवृत्तीत तो काढून टाकला.

आणि या सगळ्याशी आपला काय संबंध, असं वाटणाऱ्याच्या खिशातही एक डेटाबेस आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतात. एसक्यूलाइटमध्ये नोंदी डिलीट केल्या की रिकामी झालेली पानं 'पुढे वापरायला' म्हणून यादीत जातात, फाइल सहसा लहान होत नाही. वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर जुना मजकूर, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत, त्या पानांत शिल्लक राहू शकतो. पोलिसांच्या प्रयोगशाळेत फोनमधून पुसलेले मेसेज कधीकधी परत मिळतात, त्यामागचं एक कारण हेही आहे. फाइल खरोखर आवरायची तर एसक्यूलाइटलाही 'व्हॅक्यूम' हीच आज्ञा द्यावी लागते. तो पूर्ण फाइल नव्याने लिहितो, त्यासाठी फाइलच्या दुप्पट मोकळी जागा लागू शकते, आणि त्याच जोडणीवर एखादा व्यवहार अर्धवट उघडा असेल तर तो काम करायलाच नकार देतो.